शनिवारचं लोखंड

क्लच बघायचा म्हटलं की ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो, हे मला त्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, सोसायटीचा ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन उभा होता. इंजिन आणि पुढची चाकं एकीकडं, सीट आणि मोठी चाकं दुसरीकडं. खाली बाभळीचे ओंडके लावलेले. मधल्या मोकळ्या जागेतून आमच्या कोंबड्या खुशाल ये-जा करत होत्या आणि माय त्यांना हुसकायला उठली की अण्णा खेकसायचे, "ऱ्हाऊ दे गं, पाना सांडंल कोनाच्या तरी पायानं." एरवी घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती, कारण वरच्या माळावरून छावणीतल्या जनावरांचं हंबरणं सारखं ऐकू यायचं. पहिल्या काही दिवसांत आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती. पण पाणी थांबल्यापासून तो आवाज बदलला. जनावर वैरणीसाठी ओरडतं ते वेगळं आणि पाण्यासाठी ओरडतं ते वेगळं, हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगावं लागत नाही.

ती छावणी गावच्या दूध सोसायटीनं चालवली होती. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. घरटी गडीमाणसं उसाला गेलेली, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि बायांनी जनावरं आणून छावणीत बांधलेली. चारा सरकारी ट्रकनं यायचा, पाणी मात्र आमच्या अण्णांनी आणायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. पालीच्या धरणाखाली एका विहिरीला तेवढं पाणी उरलं होतं. तिथं टँकर भरायचा आणि घाट चढून माळावरच्या हौदात ओतायचा. भरल्या टँकरनं तो घाट चढताना ट्रॅक्टरचा जीव घशाशी यायचा. शेवटी क्लचची प्लेट जळाली. प्लेट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवणारी एक चकती. ती दोन लोखंडी तोंडांच्या मधे घट्ट दाबून धरलेली असते. पकड सुटली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही.

बीडहून करीम मिस्त्रीला बोलावून आणलं. मिस्त्री दिसायला काडीपैलवान, पण बोलण्यात आख्ख्या जिल्ह्याची ट्रॅक्टरं त्याच्या खिशात. चहात साखर इतकी लागायची की माय कप देताना तोंड फिरवून हसायची. त्यानं शुक्रवारी ट्रॅक्टर तोडला, जळकी प्लेट बाहेर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. माय तेव्हा पाण्याला गेलेली होती. "ये देख बेटी. ही साधी प्लेट घाटात काय टिकतीय? आता बटनवाली घालू. तांब्याची बटनं, वरून कडक स्प्रिंगचा प्रेशर. तेलगावकडं उसाच्या डबल ट्रॉल्या वढतेत ना, ते समदे हीच घालतेत. फकस्त एक ध्यानात ठिव. ह्या चकतीला हात लावायचा न्हाई. हाताचा घाम बी चालत न्हाई तिला. कोरडी म्हंजे एकदम कोरडी पायजे."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी बीडहून नवी प्लेट आणली, आणि तो दुसरा दिवस नेमका शनिवार होता.

आमच्याकडं शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. खिळा, विळा, तवा, काहीही असो. शनिवारी आणलेल्या लोखंडाबरोबर शनी उंबरा ओलांडतो. आजही माझी सून, एवढी शिकलेली, पण शनिवारी कुकर घ्यायचा विषय निघाला की म्हणते, उद्या जाऊ. मी तिला हसत नाही. अण्णा संध्याकाळच्या एस्टीनं उतरले आणि खाकी कागदात गुंडाळलेली ती जड चकती काखेत घेऊन दारात आले, तेव्हा माय चुलीपुढून उठून आडवी उभी राहिली.

"आज कोनता वार हाय?"

"शनवार. मला ठावं हाय."

"मग उद्याच्याला आनायची व्हती."

"उद्या दुकानं बंद. आन् चेअरमननंच धाडलं मला. जनावरं वार बघत्यात व्हय?"

माय बाजूला झाली. अण्णांनी प्लेट देवळीत, देवांच्या शेजारी ठेवली, कारण घरात तेवढी एकच जागा अशी होती जिथं कोंबडी चढत नव्हती. मग ते आणि मिस्त्री छावणीवर बसलेल्या लोकांना उद्या पाणी येईल म्हणून सांगायला गेले. अण्णांनी शब्द दिला तो तिथं. मी गोठ्यात होते. घरात माय एकटी होती.

रविवारी तांबडं फुटायला कामाला सुरुवात झाली. मिस्त्रीनं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, म्हणजे चकतीला दाबून धरणारी ती दोन लोखंडी तोंडं, पेट्रोलच्या बोळ्यानं चोळून चोळून आरशासारखी केली. नवी चकती मात्र त्यानं कागदातून काढली आणि तशीच चढवली. नवा माल आहे, त्याला काय पुसायचं. कागदावर तेलकट डाग होता, पण दुकानातल्या कुठल्या कागदावर नसतो? चकती मधोमध बसावी म्हणून त्यानं बाभळीची एक खुंटी तासून आणली होती. ती आत घालून त्यानं बोल्ट आवळले, खुंटी उपसली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून मागचं धूड इंचाइंचानं पुढं ढकललं. मागच्या धुडाचा दांडा चकतीच्या खाचेत बसताना 'खट्ट' असा आवाज झाला आणि अण्णांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. मायनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बाहेरच आणून दिली. ती खाल्ली न खाल्ली करून आम्ही निघालो.

मी जायचं कारण म्हणजे ट्रॅक्टरवरचा गडी उसाला गेला होता. घाटात गाडी थांबली तर उडी टाकून चाकामागं दगड लावायला कुणीतरी लागायचं. ते काम त्या वर्षी मी करत होते. मडगार्डवर एका बाजूला मी, पायाशी एक मोठा दगड. दुसऱ्या बाजूला मिस्त्री. विहिरीवर टँकर भरला. सपाटीला ट्रॅक्टर असा पळाला की मिस्त्री गाणं म्हणायला लागला. बटनाची प्लेट जरा हिसका देऊनच पकड घेते, त्यालाही तो "आदत हो जाती" म्हणून हसला.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्याचं गाणं थांबलं. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग कमी झाला. अण्णांनी गिअर खाली घेतला. आवाज आणखी वाढला, आणि वळणाच्या ऐन तोंडावर ट्रॅक्टर उभाच राहिला. इंजिन नुसतं बोंबलत होतं, चाकं गप्प. मग मला माझ्या पाठीमागं टँकरमधलं पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेल्याचा आवाज ऐकू आला, आणि आम्ही मागं सरकायला लागलो.

"सुमे! दगड!"

मी उडी मारली. कशी मारली ते आठवत नाही. दगड चाकाखाली सारला, तो टायरनं ढकलत नेला. मिस्त्रीनं पलीकडून दुसरा लावला. अण्णा ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले होते, मानेच्या शिरा वर आलेल्या. गाडी थांबली, पण टँकरचं मागचं चाक कठड्याच्या दगडांना टेकलं होतं आणि दगड कुरकुरत होते. कठड्यापलीकडं खाली काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णा म्हणाले, "व्हॉल्व खोल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अण्णा, पानी?"

"खोल म्हनतो ना! वजन उतरल्याबिगर न्हाई थांबायची ती."

मी टँकरचा व्हॉल्व उघडला. त्या दिवसांत आम्ही भांडी राखेनं कोरडी घासायचो आणि तोंड धुतलेलं पाणी तुळशीला घालायचो. आणि माझ्या हातानं ते सगळं पाणी घाटाच्या तापलेल्या डांबरावर सुटलं. रस्त्यावरून लोंढा खाली गेला. वळणाखालच्या वस्तीवरच्या बाया आवाज ऐकून घागरी, पातेली, जे हाताला लागलं ते घेऊन धावत आल्या आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांतून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. अण्णा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. माझा हात व्हॉल्ववर होता आणि मला रडू येत होतं, पण रडायचीही लाज वाटली.

रिकामा टँकर घेऊन ट्रॅक्टर कसाबसा चढून आला. वाटेत मिस्त्री सारखा नाक ओढत होता. "जळका वास तो येतोच हय, मगर ये कुछ अलग हय," एवढंच म्हणाला.

अंगणात आल्यावर सुरू झाली चाचपणी. आधी पेडल. मिस्त्री म्हणाला, पेडलला ढील नसेल तर क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. मी सीटवर बसून पेडल दाबायची आणि तो ट्रॅक्टरच्या पोटाखालून विचारायचा, "कुठं लागलं?" मी सांगायची. त्यानं रॉडचा नट फिरवून ढील दिली. मागं टँकर लावून, ब्रेक दाबून पाहिलं: तेच, इंजिन बंद न पडता मोकळंच फिरत राहिलं. मग ब्रेक चिकटतोय का ते पाहिलं, चाकं उचलून फिरवली. मोकळी होती. मग प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे पेडल दाबलं की चकतीवरचा दाब सोडणाऱ्या पट्ट्या, कमीजास्त आहेत का ते पाहायला त्यानं बाजूची झाकणी उघडली. आत बॅटरी मारून पाहिलं. बोटं एका पातळीत होती. प्रत्येक वेळी अण्णा लांब उभे राहून बघत होते आणि दरवेळी त्यांचा चेहरा थोडा आणखी काळा होत होता. माळावरून हंबरण्याचा आवाज येतच होता. गावातल्या बायांनी आपापल्या माठातलं पाणी छावणीवर नेलं म्हणे. एका म्हशीचं तोंडसुद्धा त्यानं ओलं झालं नसेल.

दिवस कलताना चेअरमन आले. आप्पा म्हणायचे त्यांना सगळे. माणूस वाईट नव्हता, पण छावणीवरून शिव्या खाऊन आला होता.

"काय झालं बे मिस्त्री?"

"आप्पा, माल डुप्लिकेट हय. दुकानदारानं नकली प्लेट दिली. बाकी समदं मी दोनदा तपासलं."

"म्हंजे परत बीड. परत दोन रोज. तवर हौदात काय माझं रगत वतू?" मग ते अण्णांकडं वळले. "उद्यापास्नं मी दुसऱ्याचा टँकर लावतो. तुमी ट्रॅक्टर सोसायटीत आनून सोडा."

अण्णा मिस्त्रीकडं चालत गेले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली. अण्णांना मी तोवर कुणाच्या अंगाला हात लावताना पाहिलं नव्हतं. "माल नकली न्हाई. दुकान मी वळखतो. तू खाल्लंस काम. सांग, काय चुकवलंस?" मिस्त्री पोरांची शपथ घ्यायला लागला. त्याचा आवाज चिरकला होता. सगळा तोरा गेला होता त्याचा.

मी झाकणीजवळ उभी होते. आतून अजून गरम वाफ येत होती. आणि त्याच वेळी घरात मायनं पिठल्यासाठी चुलीवर तेल तापत ठेवलं होतं, त्याचा धूर दारातून बाहेर आला. माझ्या एका बाजूला चूल होती, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरचं पोट, आणि दोन्हीकडून एकच वास येत होता. करडईच्या तेलाचा. इंजिनाच्या तेलाचा नाही, ग्रीसचा नाही. ज्या मुलीनं रोज फोडणी घातलीय तिचं नाक यात फसत नाही.

मी दाराकडं पाहिलं. माय उंबऱ्यात उभी होती, हातात उलथनं. ती माझ्याकडं बघत होती आणि मला कळलंय हे तिला कळलं. सांगावं तर मायचं काय होईल, न सांगावं तर मिस्त्रीचं. अण्णांची मूठ अजून त्याच्या गळ्याशी होती.

"त्यास्नी सोडा," माय म्हणाली. "त्येल मी वाह्यलंय."

कुणाला काही समजलं नाही. ती अंगणात उतरली. आप्पांसमोर ती कधी उभी राहत नसे. त्या दिवशी पदर सावरला आणि उभी राहिली.

"शनवारी लोखंड घरात आलं. नगं म्हनलं तर ऐकलं न्हाई. तुमी त्यो घाट चढनार, पोरगी संगं चढनार. मी काय करू? पळीभर त्येल वाह्यलं शनीच्या नावानं. खाली सांडू नये म्हनून पदरानं टिपून घेतलं आन् हाय तसं कागदात गुंडाळलं. मला काय ठावं त्याला त्येल चालत न्हाई? पूजा कराया कोन इचारतं का चालतंय का म्हनून?"

अण्णांचा हात कॉलरवरून खाली आला. मला वाटलं आता ते तिच्यावर धावून जातील. घाटातला तो कठडा, ते वाहून गेलेलं पाणी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते हलले नाहीत. आप्पा खाली बघत होते. शनिवारी बीडला त्यांनीच पिटाळलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात शनिवारी साधी टाचणी येत नव्हती हे साऱ्या गावाला माहीत होतं.

पहिला बोलला मिस्त्री. कॉलर नीट करत त्यानं विचारलं, "भाभी, एकाच बाजूनं का दोनी बाजूनं?"

"एका बाजूनं कसं वाहत्यात?"

मिस्त्री ओंडक्यावर बसला आणि हसायला लागला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नवा माल म्हणून पुसलं न्हाई. माझी बी आधी चूक. साधी प्लेट असती तर फेकायची पाळी होती. बटन तांब्याचं हय. तांबं त्येल पीतं, मगर जाळलं की सोडतं बी. चूल पेटती हय ना?"

उजेड होता तोवर ट्रॅक्टर पुन्हा तोडला. या खेपेला सगळे जण राबले, आप्पांनीसुद्धा धोतर खोचून ओंडके धरले. चकती पेट्रोलनं धुतली, ब्रशनं घासली, आणि मग मिस्त्री ती सांडशीत धरून चुलीकडं निघाला. मायनं सांडशी त्याच्या हातातून घेतली. "जाळायचं काम माझं."

तिनं निखारे ओढून पसरले आणि ती चकती भाकरीसारखी त्यावर धरली. तेलाचा निळा धूर निघाला. ती उलटायची, पुन्हा धरायची, नाक जवळ नेऊन वास घ्यायची आणि मान हलवायची. मिस्त्री दोनदा म्हणाला, बस झालं. ती म्हणाली, न्हाई, अजून येतोय. त्यानंतर मी तिच्या मनगटावर फोड पाहिला, पण ती सांडशी काही सोडत नव्हती. शेवटी तिनं चकती बाजूला घेतली, मला हाक मारली आणि म्हणाली, "बघ गं वास." मी वाकले. गरम धातूशिवाय कशाचाच वास नव्हता.

सोमवारी सकाळी प्लेट चढली. या वेळी मिस्त्रीनं हात साबणानं धुतले, तेही आम्हाला दाखवून. ट्रॅक्टर जोडला, विहिरीवर टँकर भरला. निघताना मी मडगार्डकडं गेले तर तिथं माय बसलेली. ती विहिरीपर्यंत आमच्या मागं पायी आली होती. जन्मात ती कधी ट्रॅक्टरवर चढली नव्हती. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं.

"उतर."

"न्हाई उतरत. काल पोरगी व्हती न्हवं हितं? आज मी हाय."

मी मागं टँकरच्या शिडीवर चढले, दगड हातात घेऊन. दुसऱ्या वळणावर, जिथं रस्त्यावर अजून आमच्या पाण्याचा वाळलेला डाग दिसत होता, अण्णांनी गाडी थांबवली. थांबवायचं काही कारण नव्हतं. ती चांगली चढत होती. पण इथून ती सुटेल की नाही हे त्यांना इथंच बघायचं होतं, माळावर पोचून नुसतं नशीब म्हणायचं नव्हतं. मिस्त्री खाली उतरून चाकाजवळ उभा राहिला. अण्णांचा एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर. मी मागून त्यांची पाठ बघत होते. शर्ट घामानं चिकटला होता.

"नाव घे देवाचं," ते मायला म्हणाले.

"घिऊन झालंय," माय म्हणाली. "तुमी पाय सोडा."

अण्णांनी पाय सोडला. एक हिसका बसला, इतका मोठा की माय त्यांच्या खांद्यावर आदळली, आणि टँकर त्या कठड्याजवळून वर निघाला. माळावर पोचलो तेव्हा जनावरं हंबरायची थांबली होती. बसलेली एकेक उठत होती. त्यांना पाण्याचा वास आमच्या आधीच लागला होता.

त्या शनिवारच्या तेलाबद्दल अण्णा मायला पुन्हा कधी काही बोलले नाहीत. मला मात्र वाटायचं, त्यांच्या मनात ते आहे, कधीतरी बाहेर येईल. पुढच्याच शनिवारी फॅनचा पट्टा तुटला आणि त्याची लोखंडी पुलीही बदलायची निघाली. अण्णा बीडहून ती घेऊन आले, पण घरात शिरले नाहीत. फाटकाबाहेर, ट्रॅक्टरपाशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "सुमीच्या माय, त्येल आन."

माय बाहेर आली आणि दचकून थांबली.

"पुलीला नगं," ते म्हणाले. "हितं वाहा." आणि त्यांनी ट्रॅक्टरच्या मागच्या, टँकर अडकवायच्या हुकावर बोट ठेवलं. "ह्याला चालतंय. मिस्त्रीला इचारलंय मी."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाजीला तेल थेंबानं पडायचं. माय आत गेली आणि पळी घेऊन आली. हुकावर धार धरताना तिनं अण्णांकडं बघितलं नाही, पण पळी काठोकाठ भरलेली होती.